साताऱ्याच्या आसपास फोटो काढायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. भिंतीवर मी काढलेले सात-आठ फोटो लावलेत, आणि आधारकार्डाची झेरॉक्स निघेपर्यंत उभं राहिलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हा कुठला हो फोटो, मग कॅमेरा कुठला, मग आमच्या पोराला पण लई नाद आहे त्याला काय घेऊन देऊ. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं, आणि तोपर्यंत मागं लाईन लागलेली. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, क्लास पण घेत नाही. दुकान रविवारी बंद, त्यामुळं रविवार माझा, असे दहा-बारा वर्षांचे रविवार, एवढाच काय तो अनुभव.

सुरुवातीला कॅमेरा कुठला घेऊ?

कुठलाच नको. खिशात जो मोबाईल आहे त्याच्यावर सहा महिने काढा. तुम्हाला टाळायला म्हणून सांगत नाही, खरंच. आधी लेन्स पुसा, चष्म्याच्या कापडानं, निम्मे फोटो तिथंच सुधारतात, कारण खिशातल्या मोबाईलवर तेलकट बोटांचा थर बसलेला असतो आणि मग उन्हाकडं धरलं की सगळं दुधी दिसतं. दुसरं, स्क्रीनवर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते जरासं खाली ओढा, नाहीतर मोबाईल सगळं उजळ करायला जातो आणि आभाळ पांढरंफटक होऊन बसतं. आणि चिमटीनं झूम करू नका, पाय दिलेत की देवानं.

सहा महिन्यांनी पण नाद टिकला तर सेकंडहँड डीएसएलआर नाहीतर मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा बघा, सोबत १८-५५ ची साधी किट लेन्स येते ती पुरते, मी अजून तीच वापरतो. वाचलेल्या पैशात ट्रायपॉड घ्या, पण बरा घ्या. स्वस्तातला ट्रायपॉड अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या वाऱ्यात पिंपळाच्या पानासारखा थरथरतो.

मग पहिल्यांदा कुठं जाऊ? कासच्या फुलांच्या पठारावर?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर कुणाला आवडत नाही. कासला नका जाऊ. घरापासून गाडीवर पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा धरा आणि वर्षभर तिथंच जा.

माझी जागा माहुली. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाट, काळ्या दगडाची देवळं, दीपमाळ. पहिल्या रविवारी गेलो तेव्हा दोनशे फोटो काढले आणि घरी येऊन बघितले तर सगळे कॅलेंडरवर असतात तसले. चौथ्या-पाचव्या खेपेला कळायला लागलं की डिसेंबरात सातच्या आसपास पाण्यावरनं वाफेसारखं धुकं उठतं आणि ते पंधरा-वीस मिनिटंच टिकतं. मे महिन्यात पाणी आटलं की घाटाच्या ज्या पायऱ्या एरवी दिसतच नाहीत त्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर पाण्याच्या पातळीच्या रेघा असतात, एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या. ऑगस्टात त्याच पायऱ्या गढूळ पाण्याखाली. आता हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तरी मला दिसलं नसतं. आणि अजून एक फायदा, तुम्ही चार वेळा दिसलात की धुणं धुणाऱ्या मावशी पण तुमच्याकडं बघायचं सोडून देतात, मग खरे फोटो सुरू होतात.

किती वाजता जायचं?

सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी जागेवर पाहिजे. घरातनं निघायचं नाही, जागेवर. आपल्याकडं जूनमध्ये सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सातच्याही पुढं. थंडीतला हा फायदा आहे, फार लवकर उठावं लागत नाही. अजिंक्यताऱ्यावर गेलात तर सूर्य जरंड्याच्या डोंगराच्या बाजूनं वर येतो आणि पहिलं ऊन समोर यवतेश्वरच्या डोंगरावर पडतं, गाव अजून सावलीतच असतं. सगळे जण उगवत्या सूर्याचा फोटो काढत बसतात. जरा पाठ फिरवा, मागं काय चाललंय ते बघा.

महिना पण बघावा लागतो. पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुऊन निघालेली असते, लांबलांबचे डोंगर एकामागं एक स्पष्ट मोजता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते, पाचट पेटवतात, धूर खाली बसतो आणि लांबचं काहीच दिसत नाही. तेव्हा लांबचा नाद सोडून जवळचं काढायचं.

दुपारी काढलेले फोटो वाईटच येतात ना?

डोंगराचे येतात. विहिरीचे नाही.

लिंब गावच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे, पुण्याकडं जाताना हायवे सोडून आत जावं लागतं. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधली, तसा शिलालेख आहे. अष्टकोनी विहीर, खोली ११० फुटांच्या आसपास सांगतात, वरनं बघितलं तर शिवलिंगाचा आकार, आणि मधोमध चक्क छोटा महाल आहे, कोरीव खांबांचा. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून नाव तसं. मी तिथं पहिल्यांदा शहाण्यासारखा पहाटे गेलो, कारण सगळीकडं वाचलेलं गोल्डन अवर गोल्डन अवर, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन. आत मिट्ट काळोख. पाणी म्हणजे काळा डाग. तासभर बसलो, पारव्यांचे आवाज ऐकले आणि परत आलो.

मग एका मे महिन्यात लग्नाच्या निमित्तानं तिकडं गेलो होतो, जेवणं उरकल्यावर भर उन्हात सहज विहिरीकडं गेलो, साडेबारा झाले असतील. ऊन सरळ खाली पाण्यापर्यंत उतरलेलं, पाणी हिरवंगार, आणि पाण्यावरनं उलटं परावर्तन होऊन कमानीच्या पोटावर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. नंतर डोक्यात प्रकाश पडला. साताऱ्याला १० ते १२ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस, आणि तेसुद्धा बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण आपली घड्याळं आपल्या गावच्या सूर्यावर चालत नाहीत. असाच योग परत ऑगस्टच्या सुरुवातीला येतो पण तेव्हा ढग असतात. तर विहीर, बारव, अरुंद चौक असलेला वाडा, असल्या खोलगट जागा दुपारी बघायच्या. कठड्यावर वाकून मोबाईल मात्र काढू नका, पट्टा मनगटात असल्याशिवाय तर अजिबात नाही.

वाडे आणि देवळं फोटोत मागं पडल्यासारखी का दिसतात?

कारण आपण खाली उभं राहून कॅमेरा वर करतो. कॅमेरा वर झुकला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडं कलतात, भिंत आता मागं कोसळते की काय असं वाटतं. उपाय सोपा आहे, कॅमेरा सरळ धरा, मागं सरका, आणि खालची जी जास्तीची जमीन फोटोत येते ती नंतर कापा. मागं जागा नसेल तर समोरच्या घराच्या पायरीवर नाहीतर गच्चीवर परवानगी घेऊन चढा. मोबाईलची ०.५ वाली वाईड लेन्स शक्यतो टाळा, कडेचे खांब ताणले जातात.

आणि इमारत का तशी बांधली ते माहीत असलं तर कुठनं फोटो काढायचा ते आपोआप कळतं. वाईचा ढोल्या गणपती घ्या. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, सगळे समोरनं काढतात, त्यात मला पण काही चुकीचं वाटत नाही. पण देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. ती भिंत काढायची तर घाटावर उतरून मागं जायला लागतं. तिथं गर्दी पण नसते.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाट, बहुतेकांना माहीत आहे. घाटावरच्या छोट्या देवळात मोठी घंटा टांगलीय ती वसईची, पोर्तुगीजांच्या चर्चची, १७३९ च्या वसईच्या लढाईनंतर आलेली. घंटेवर १७०७ साल आहे. ते अक्षर सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं, दुपारी सपाट होतं. फ्लॅश मारून तर काहीच दिसत नाही. कोरीव काम, शिलालेख, वीरगळ, सगळ्याला हाच नियम, ऊन बाजूनं पाहिजे. ऊन नसेल तर मित्राला मोबाईलची बॅटरी घेऊन बाजूला उभं करा.

देवळात, किल्ल्यावर फोटो काढू देतात का?

बाहेरनं बहुतेक ठिकाणी हो, गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी नाही. बोर्ड नसला तरी गुरवांना विचारा. विचारलं की दहातले आठ जण हो म्हणतात, वर आणि कुठनं चांगला येतो ते पण सांगतात. पुरातत्त्व खात्याच्या जागी साधा फोटो चालतो पण ट्रायपॉड उघडला की परवानगीचं विचारतात. धरणाच्या भिंतीचे फोटो काढायचे नाहीत, कोयनेला तर अजिबात नाही, तिथं वाद घालू नका. राहत्या वाड्यात मालकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ते कुणाचं तरी घर आहे.

ड्रोनचं विचारू नका, माझ्याकडं नाही. असेल तर २०२१ चे नियम वाचून घ्या, २५० ग्रॅमपर्यंतच्यांना बरीच सूट आहे पण अभयारण्यावर ती सूट दाखवून उडवायला जाऊ नका.

बरं, कासला जायचंच असेल तर?

जा की, नको कोण म्हणतंय. साधारण ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर, पण पावसावर सगळं पुढंमागं होतं. शनिवार-रविवार सोडून जा आणि ऑनलाईन बुकिंग बघून जा. पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तेव्हापासून गर्दी म्हणजे विचारू नका.

लोक निराश का होतात सांगतो. फोटोत बघून त्यांना वाटतं गुडघाभर फुलांचा समुद्र असणार, आणि तिथं सीतेची आसवं म्हणजे बोटभर उंचीची जांभळी-निळी टिकली. जांभा दगडावर मातीचा पातळ थर, त्यात जेवढं जमतं तेवढंच वाढतं ते. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रंग बदलतो, कधी तेरड्याचा गुलाबी, कधी गेंदाचा पांढरा, कधी सोनकी आणि मिकी माऊसचा पिवळा. तेव्हा कॅमेरा जमिनीला टेकवा, फुलाच्या उंचीवर आणा, आणि मागं ढग घ्या. झोपायचं असेल तर वाटेवर झोपा. फुलांवर बसून फोटो काढणारी माणसं बघितली की माझी चिडचिड होते, गाडी लावायला जेवढे पैसे देतो तेवढ्यात फुलं तुडवायचा परवाना मिळत नाही हो.

जंगलाचे फोटो गिचमिड का येतात?

कारण जंगल गिचमिडच असतं! डोळा नको ते गाळतो, कॅमेरा गाळत नाही. मला स्वतःला हे जमायला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, आभाळ फोटोत घ्यायचंच नाही. फांद्यांमधनं दिसणारे पांढरे तुकडे डोळ्याला टोचत राहतात. दोन, एक झाड ठरवायचं. सगळं जंगल एका फोटोत मावत नाही, एका झाडाची गोष्ट मावते. महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा, वाऱ्या-पावसानं खुजी राहिलेली आणि वाकडीतिकडी झालेली झाडं, पावसाळ्यात त्यांच्या खोडांवर शेवाळ असं चढतं की झाडानं स्वेटर घातलाय. तिथं एक जांभळीचं खोड आहे, दोन ठिकाणी कोपरासारखं वळलेलं. मी त्याचा फोटो सात वर्षं काढतोय, एकच मनासारखा आलाय, तोही दाट धुक्यात, कारण धुक्यानं मागची सगळी गर्दी पुसून टाकली होती.

म्हणून जंगलात ऊन पडलं की मी डबा खातो आणि ढग आले की उठतो. उन्हाचे कवडसे डोळ्यांना छान दिसतात पण फोटोत नुसते पांढरे ठिपके येतात. ओल्या पानांवरची चकाकी घालवायची असेल तर पोलरायझर फिल्टर लावा, फिरवत जा, एका जागी पानांचा खरा हिरवा रंग दिसायला लागतो. एवढा एक फिल्टर घेण्यासारखा आहे.

धुक्यातले फोटो राखाडी आणि मळकट येतात.

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून हिशेब करतो, आणि धुकं तर पांढरं, म्हणून तो ते काळवंडून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं वाढवा, अधिक ०.७ नाहीतर अधिक १. बस.

पावसात कॅमेऱ्याचं काय करायचं?

भिजण्यापेक्षा कुबट हवेची भीती जास्त, हे मी पैसे घालवून शिकलो. एका वर्षी जून ते ऑगस्ट दुकानात काम होतं, कॅमेरा चामडी बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवला, सप्टेंबरात काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला दिली, तीन आठवडे लागले, परत आली तर बुरशी गेलेली पण आत एक स्क्रू मोकळा खुळखुळत होता. दुरुस्तीवाल्याचं नाव घेत नाही, चूक आधी माझीच होती.

आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे गुलाबी झाले की ओल धरली समजायचं, मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, त्या खड्यातला रंग पोटात जाऊन चालत नाही. मी एकदा स्वयंपाकाची कढई घेतली होती, त्या दिवशीचं घरातलं हवामान सांगत नाही.

बाहेर असताना छत्री, एक टॉवेल आणि मोठी प्लॅस्टिक पिशवी पुरते. एसी लावलेल्या गाडीतनं एकदम बाहेर काढला तर काचेवर दव धरतं, पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं कसं येतं?

शटर सावकाश ठेवल्यावर. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११ (दोन्ही उजेड कमी घेण्याच्या सेटिंग), आणि शटर पाव ते एक सेकंद उघडं. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळपट काच. ठोसेघरला तुषार एवढे उडतात की दर फोटोला लेन्स पुसावी लागते. कठड्याच्या अलीकडेच थांबा, कुठल्याही फोटोसाठी पलीकडं नाही.

उन्हाळ्यात काढण्यासारखं काय असतं?

भरपूर. फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर, एकेक झाड पेटल्यासारखं. मग वळवाचे ढग, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मागं काळंकुट्ट आभाळ. वीज कडकडायला लागली की गाडीत बसायचं, पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड असता.

वासोटा किल्ल्यावर जाता येईल का?

पावसाळ्यात बंद असतो. नंतर बामणोलीला जायचं, वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागर जलाशयातनं बोटीनं पलीकडं. व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परत, म्हणजे सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही हुकणार हे धरून चाला. प्लॅस्टिक मोजून आत सोडतात. बोटीतनं पाण्यातली वठलेली झाडं दिसतात, मला किल्ल्यापेक्षा तीच आवडली.

आम्ही सांगलीचे, आमच्याकडं काय?

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, सांगली शहरातच १९२९ चा आयर्विन पूल त्याच्या दगडी कमानींसकट, दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर. पहिली जागा धरायची तर मी हरिपूर धरेन.

एकट्यानं गेलं तर चालतं का?

घरी सांगून जा. बिबट्यापेक्षा मला आग्या मोहोळाची भीती वाटते. किल्ल्यांच्या कड्यांना, जुन्या देवळांच्या शिखराखाली पोळी असतात, सेंट मारून जाऊ नका, धूर करू नका, मोहोळ दिसलं की गुपचूप मागं फिरा. पावसाळ्यात रानात जळवा असतात, मीठ जवळ ठेवा.

एडिटिंग केलं तर ती फसवणूक का?

नाही हो. उभ्या रेषा सरळ करणं, थोडा उजेड-अंधार, एवढं मी पण मोबाईलवरच्या स्नॅपसीड ॲपवर करतो. पण हिरवा रंग रेडियमच्या स्टिकरसारखा करायचा आणि खाली लिहायचं साताऱ्याचा स्वर्ग, तसला फोटो माझ्याकडं प्रिंटला आला तर मी प्रिंट देतो, मत देत नाही.

यातनं पैसे मिळतात का?

मला नाही मिळाले. पेट्रोल मात्र बरंच गेलं.

माणसांचे, त्यांच्या घरांचे फोटो काढले तर लोक चिडत नाहीत?

आधी बोललं तर नाही चिडत. आणि कबूल केलं असेल तर प्रिंट नेऊन द्यायची, व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणून सटकायचं नाही. माझी एक प्रिंट द्यायची राहून गेली होती. वाईच्या अलीकडं एका गावात जुना वाडा, दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी, खाली झिजलेला उंबरा, आत एक आजी एकट्याच राहायच्या. त्यांनी चहा पाजला, मी दाराचा फोटो काढला, उंबऱ्याजवळ त्यांच्या चपला होत्या त्या मला नको होत्या पण उचलून बाजूला ठेवा म्हणायला जीभ रेटली नाही. म्हटलं नंतर कापू. ते पण राहिलं आणि प्रिंट पण राहिली.

तीन वर्षांनी दुकानात एक गृहस्थ आले, त्यांचा मुलगा. आजी गेल्या होत्या, नंतरच्या पावसाळ्यात वाड्याची पुढची भिंत बसली होती, चौकट कुणीतरी विकत घेऊन गेलं होतं. आई सांगायची नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं फोटो काढलाय म्हणून, आहे का तुमच्याकडं? हार्ड डिस्कवर सापडला. मी स्क्रीनवर मोठा करून दाखवला, गणेशपट्टी, कोरीव वेल, कड्या, सगळं. ते बराच वेळ बघत होते, मग खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, एवढं चपलांचंच मोठं करून मिळेल का?